बोटाला लागलेली सुई : रक्तसंसर्गाच्या इतिहासातील काही प्रकरणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला शास्त्र शिकविले. मी पुढे इतिहासाकडे वळलो याचे त्यांना थोडेसे वाईटच वाटले असावे. त्यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी लाल कापडी बांधणीची एक लांबट वही टांगलेली असे. परीक्षानळी फुटली, आम्ल सांडले किंवा बेडकाचे विच्छेदन करताना पाते बोटात घुसले, तर ज्याचे त्याने त्या वहीत लिहावयाचे : केव्हा, कोणत्या बाकावर, काय करीत असता. ‘चूक कोणाची’ असा रकाना त्या वहीत नव्हता. त्या वेळी ती आम्हांला मास्तरांची एक लहर वाटे. पुढे वैद्यकाच्या इतिहासाची कागदपत्रे चाळताना ती वही मला वारंवार आठवू लागली आणि आजचा विषय त्या आठवणीतूनच निघाला आहे.

दुसऱ्याचे रक्त किंवा शरीरातील स्राव अपघाताने आपल्या अंगी लागतो, सुई टोचते, पाते लागते, डोळ्यात शिंतोडा उडतो, आणि त्यातून रोग येतो. हा धोका रुग्णसेवेइतकाच जुना असला पाहिजे. परंतु तो धोका म्हणून ओळखला जाण्याचा इतिहास जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्या इतिहासात कोणाला इजा झाली हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या इजेचा दोष कोणाच्या पदरी टाकला गेला हेही महत्त्वाचे आहे. माझे आजचे म्हणणे मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

आरंभ व्हिएन्ना शहरापासून करावा लागतो. तेथील सार्वजनिक रुग्णालयात इ. स. १८४० च्या सुमारास प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १८४१ ते १८४६ या काळात शेकडा दहाच्या आसपास होते, तर दुसऱ्यात ते शेकडा साडेतीनही नव्हते. शहरातील गरीब गरोदर बायकांना हा फरक ठाऊक होता आणि पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून त्या गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस हा बुडा येथे जन्मलेला तरुण हंगेरियन डॉक्टर त्या विभागात साहाय्यक होता. हवा, दाटीवाटी, ऋतुमान, घंटा वाजवीत जाणारा धर्मगुरू, अशी एकेक कारणे त्याने तपासून बाजूला सारली होती. पण उलगडा होत नव्हता.

१८४७ च्या मार्च महिन्यात तो काही दिवस व्हेनिसला जाऊन परत आला, तेव्हा त्याला कळले की त्याचा स्नेही, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का, मरण पावला आहे. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरीचे टोक कोलेच्काच्या बोटाला लागले होते. काही दिवसांतच रक्तदोष होऊन तो १३ मार्च रोजी गेला. मित्राच्या शवाची तपासणी झाली होती. तिचा वृत्तांत सेमेलवाइसने वाचला आणि तो थबकला. रक्तवाहिन्यांचा दाह, फुफ्फुसाच्या, हृदयाच्या, पोटाच्या आवरणांचा दाह, हे सर्व त्याने शेकडो वेळा पाहिले होते. पण ते बाळंतिणींच्या शवांत. मग कोलेच्काला जे सुरीने दिले, तेच बाळंतिणींना कोण देत होते? विच्छेदनगृहातून सरळ प्रसूतिगृहात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि डॉक्टरांचे हात! त्यांत त्याचे स्वतःचे हात आलेच. सुइणी शवविच्छेदन करीत नसत, आणि म्हणून त्यांचा विभाग वाचत होता.

त्या वर्षीच्या मे महिन्याच्या मध्यास त्याने दारात क्लोरिनयुक्त द्रावणाचे भांडे ठेविले आणि हात धुतल्यावाचून कोणी रुग्णाला शिवावयाचे नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शेकडा अठराच्या वर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये अडीचच्या खाली आले. एवढी कथा आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. तिचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित असलेली एक स्त्री विभागात दाखल झाली. तपासणीची फेरी तिच्या खाटेपासून सुरू होई. तिच्यानंतर तपासलेल्या बारा बाळंतिणींपैकी अकरा जणी दगावल्या. येथे शवाचा संबंधच नव्हता. तेव्हा सेमेलवाइसला आपला सिद्धान्त दुरुस्त करावा लागला : दोष मृतदेहात आहे असे नव्हे, जिवंत माणसाच्या स्रावातही तो असू शकतो. म्हणजे शवागारातून येतानाच हात धुणे पुरेसे नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातानाही ते धुतले पाहिजेत.

या गोष्टीचे स्वागत झाले नाही, हे सांगावयास नकोच. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ साली आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८४३ साली हेच निराळ्या शब्दांत सांगितले होते, आणि त्यांनाही रोषच पत्करावा लागला होता. सज्जन माणसाचे हात मृत्यू वाहून नेतात, हे ऐकून घेणे कठीणच. सेमेलवाइसचाही स्वभाव सोपा नव्हता. विरोधकांना त्याने उघड पत्रांतून खुनी म्हटले. त्याने ग्रंथ लिहिला तो फार उशिरा, १८६१ मध्ये. १८६५ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाजवळच्या एका वेड्यांच्या इस्पितळात, चिघळलेल्या जखमेतून रक्तदोष होऊन त्याचा अंत झाला. वय अवघे सत्तेचाळीस.

येथे जरा आडवळण घेतो. शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजे हे आज आपणांस सावधगिरीचे मूर्तिमंत रूप वाटतात. त्यांचा उगम मात्र जंतूंच्या भयात नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेच्या हातांची कातडी जंतुनाशक पारदयुक्त द्रावणाने सोलवटून निघत होती. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेडने तिच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबराचे मोजे करवून घेतले. पुढे त्यांचा विवाहही झाला. काम करणाऱ्याच्या हाताची काळजी म्हणून जी वस्तू आली, ती रुग्णालाही उपकारक आहे हे नंतर लक्षात आले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कोलेच्कानंतर अर्धे शतक लोटले आणि त्याच शहरात आणखी एक प्रकरण घडले. त्याचा धागा आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आहे हे मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांनी प्रथम ओळखले. पुढच्या वर्षाच्या आरंभी युरोपातून अनेक वैज्ञानिक मंडळे मुंबईत आली. त्यांत व्हिएन्नाचेही एक होते आणि त्यात हेर्मान फ्रान्झ म्युलर हा तरुण डॉक्टर होता. १८९७ चा तो मार्च आपल्याला निराळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच महिन्याच्या १० तारखेस, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. रुग्णाला स्पर्श करणारा हात किती उघडा असतो याचे याहून जवळचे उदाहरण मला देता येणार नाही.

व्हिएन्नाचे मंडळ परत गेले ते प्लेगचे जंतू बरोबर घेऊन. तेथील प्रयोगशाळेत प्राण्यांवर प्रयोग सुरू झाले. त्या प्राण्यांची देखभाल करणारा फ्रान्झ बारिश नावाचा एक शिपाई होता. १८९८ च्या ऑक्टोबरात तो आजारी पडला आणि १८ तारखेस फुफ्फुसाच्या प्लेगने मरण पावला. मुंबईत शेकडो रुग्ण पाहून सुखरूप परतलेल्या म्युलरने त्याची शुश्रूषा केली, त्याच्या कफाची तपासणी केली. त्याला संसर्ग झाला आणि २३ तारखेस, बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. बारिशची सेवा करणारी परिचारिका आल्बर्टिने पेखा हीही त्यातच दगावली. म्युलरने आजाराची चाहूल लागताच स्वतःला कोंडून घेतले होते. त्याच्या धैर्याची स्तुती युरोपभर झाली, रुग्णालयाच्या आवारात त्याचे स्मारक उभे राहिले, आणि ते योग्यच होते. बारिशविषयी मात्र, तो पिणारा होता, निष्काळजी होता, असे बोलले गेले. असेलही. पण मृत्यू कोंडलेल्या बाटल्या आणि पिंजरे ज्याच्या हाती रोज दिले जात होते, त्याला त्याविषयी काय शिकविले गेले होते, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. डॉक्टर मरतो तेव्हा ते बलिदान, शिपाई मरतो तेव्हा तो गलथानपणा, ही भाषा त्या शहरापुरती राहिली नाही.

आतापर्यंत ज्या रोगांविषयी बोललो ते दिवसांत उलगडणारे होते. आज सुई लागली, आठवड्यात ताप. कार्य आणि कारण एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचे तसे नाही. ती महिनोनमहिने दबा धरून बसते आणि म्हणूनच ती ओळखावयास दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. पहिली खूण मात्र १८८३ सालची आहे. जर्मनीतील ब्रेमेनच्या गोदीत १२८९ कामगारांना देवीची लस टोचली गेली. ती लस माणसांच्या फोडांतील द्रवापासून केलेली होती. पुढील महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. इतर लस टोचलेल्यांना आणि त्यानंतर कामावर आलेल्यांना झाली नाही. ल्युर्मान नावाच्या डॉक्टरने हे १८८५ मध्ये नीट टिपून प्रसिद्ध केले आणि जगाने ते बाजूला ठेवून दिले. मग १९४२ साली अमेरिकन सैन्यात सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने रुग्णालयांत दाखल झाले. कारण शोधता शोधता ते पीतज्वराच्या लशीपाशी पोहोचले. ती टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तजल मिसळले होते. रक्त देणारे वैद्यकाचे विद्यार्थी, परिचारिका, तरुण डॉक्टर होते, आणि त्यांतील काहींना पूर्वी कावीळ होऊन गेलेली होती. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही रोग असू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले म्हणावे. एका रक्तपेढीतील कर्मचाऱ्यास कामातूनच अशी कावीळ झाल्याची नोंद १९४९ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली.

माझ्या पिढीला काचेच्या सिरिंजा आठवत असतील. डॉक्टरांच्या दवाखान्यात स्पिरिटच्या दिव्यावर किंवा स्टोव्हवर स्टीलचा चपटा डबा खदखदत असे. कंपाउंडर चिमट्याने सुई उचलून ती बसवी. सुई बोथट झाली की दगडावर घासून पुन्हा वापरात. ती धुणारे, घासणारे, उकळणारे हात कोणाचे होते याचा विचार आम्ही कधी केला नाही.

मला तो विचार करावा लागला तो घरच्या कारणाने. माझी थोरली बहीण याच शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन परिचारिका झाली. १९७४ मध्ये एका रुग्णालयात, रात्रपाळीला, वापरलेल्या सुया धुताना तिच्या अंगठ्यात सुई रुतली. तिने ती ओढून काढली, बोट नळाखाली धरले आणि पुढच्या सुया धुतल्या. तिसऱ्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. रजा मिळाली ती बिनपगारी, कारण चौकशीच्या कागदावर ‘परिचारिकेच्या हयगयीमुळे’ असा शेरा पडला होता. तो कागद तिने जपून ठेवला होता. ती बरी झाली, पुन्हा कामावर गेली, आणि १९९१ मध्ये यकृताच्या विकाराने वारली. या दोन गोष्टींचा संबंध मी इतिहासकार म्हणून सिद्ध करू शकत नाही. तिच्या रक्ताची तशी तपासणी १९७४ मध्ये झालीच नव्हती. पण कागदावरचा तो शेरा मी वाचला आहे. आम्हां भावंडांना ताईने तो दाखविला तो तिच्या शेवटच्या आजारात. तोपर्यंत सुई टोचल्याची गोष्टच तिने घरात कोणाला सांगितली नव्हती. तिला त्याची लाज वाटत होती.

असो. तिला सुई टोचली तेव्हा जगात या काविळीचे कारण कळलेले होते. अमेरिकेतील बरूच ब्लुमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तजलात आढळलेला अपरिचित घटक १९६५ मध्ये जाहीर केला. तो ‘ब’ काविळीच्या विषाणूचा अंश निघाला आणि त्यासाठी ब्लुमबर्गना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. याच सुमारास, १९६९-७० मध्ये, स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त यंत्राने शुद्ध करणाऱ्या विभागात ही कावीळ शिरली. चाळीस जणांना ती झाली, अकरा जण मेले, आणि त्या अकरांत चार रुग्णालयाचे कर्मचारी होते : दोन शल्यविशारद आणि दोन प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. कुशल, सुशिक्षित, सावध माणसे. येथे हयगयीचा शेरा मारणे कोणाला जमले नाही. चौकशी नेमावी लागली आणि अशा विभागांसाठी लेखी नियम झाले.

१९८१ मध्ये अमेरिकेत या रोगावरील पहिल्या लशीला परवाना मिळाला. ती बाधित माणसांच्या रक्तातून शुद्ध करून काढलेली असल्यामुळे पुष्कळ डॉक्टर व परिचारिका ती घेण्यास कचरत. १९८६ मध्ये यीस्टमध्ये जनुक घालून तयार केलेली, रक्ताचा संबंध नसलेली लस आली. ती परदेशी होती आणि आपल्याकडच्या सामान्य परिचारिकेच्या पगाराच्या मानाने फार महाग होती. यानंतरचा अध्याय आपल्या हैदराबादेत घडला. वरप्रसाद रेड्डी यांनी उभारलेल्या शांता बायोटेक्निक्सने, उस्मानिया विद्यापीठ आणि पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र येथील जागेचा व ज्ञानाचा आधार घेऊन, १९९७ च्या ऑगस्टमध्ये भारतीय बनावटीची पहिली अशी लस बाजारात आणली आणि परदेशी लशीच्या किमती खाली आल्या. त्या विद्यापीठाच्या आवारातून आपण हजारदा गेलो असू. शहर आपल्या मिनारांचा अभिमान जितका मिरवते तितका या लशीचा मिरवीत नाही, याचे मला नवल वाटते. २०११-१२ पर्यंत ही लस देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली.

दरम्यान एड्स आला होता. १९८४ च्या डिसेंबरात लंडनच्या ‘लॅन्सेट’ने बातमी दिली की एका परिचारिकेला रुग्णाला टोचलेली सुई लागून या नव्या विषाणूची बाधा झाली आहे. त्यानंतर रुग्णालयांत जे भय पसरले त्याचे वर्णन करावयास नको. ते पाहिलेले लोक या सभागृहात आहेत. खाटांवर लाल चिठ्ठ्या लागल्या, जेवणाची ताटे दाराबाहेर ठेवली गेली, प्रेतांना हात लावावयास माणसे मिळेनात.

भारतातील पहिला शोध मद्रासला लागला आणि त्यामागील व्यक्ती मद्रासच्या एका महाराष्ट्रीय कुटुंबातील होती, हे आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना जाणून घ्यावेसे वाटेल. चामड्याच्या व्यापारातील गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी आपली विद्यार्थिनी निर्मला हिला शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताची तपासणी हा विषय दिला. निर्मलाबाईंनी हातमोजे किंवा अन्य संरक्षक साधन नसता ते रक्त गोळा केले आणि वेगळी सोय नसल्यामुळे नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. १९८६ च्या फेब्रुवारीत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली तेव्हा सहा नमुन्यांत विषाणूची खूण आढळली. या शोधाचे कौतुक करताना मला त्या उघड्या हातांचा विसर पडत नाही. सुनीतीबाईंच्या शल्यविशारद पतीनेही आरंभी या रुग्णांत काम करण्यास विरोध केला होता. बाईंनी तो मानला नाही आणि १९९३ मध्ये स्वतःचे केंद्र काढले. २०१५ मध्ये त्या निवर्तल्या.

भयाला दोन वाटा फुटतात. एक म्हणजे धोकादायक माणूस हुडकून त्याच्यावर खूण करणे. दुसरी वाट अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ च्या ऑगस्टमध्ये आखून दिली : कोणाचे रक्त बाधित आहे हे चेहऱ्यावरून, जातीवरून, व्यवसायावरून कळत नाही, म्हणून प्रत्येकाचे रक्त बाधित समजूनच सावधगिरी बाळगावी. राजा असो की रंक, नियम एकच. सेमेलवाइसला कर्करोगाच्या त्या रुग्णाने जे शिकविले, तेच हे. मधे एकशेचाळीस वर्षे गेली. या नियमात वैद्यकाइतकाच माणुसकीचा अंश आहे, कारण सर्वांविषयी सारखीच काळजी घेतली की खाटेवर चिठ्ठी लावण्याचे कारणच उरत नाही.

सुई टोचल्याने नेमका किती धोका असतो, याचे आकडे त्या काळात जमले आणि ते डॉक्टर मंडळी ‘तीनचा पाढा’ असल्यासारखे लक्षात ठेवू लागली. लस न घेतलेल्याला, रोगाचा जोर असलेल्या ‘ब’ काविळीच्या रुग्णाची सुई लागली तर शंभरात तीसपर्यंत. ‘क’ काविळीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्याचे शंभरात सुमारे तीन धरले गेले, आणि नंतरच्या पाहण्यांत ते एकाहूनही पुष्कळ कमी निघाले. एड्सच्या विषाणूचे हजारात सुमारे तीन. म्हणजे ज्याचे भय सर्वांत मोठे, त्याचा धोका सर्वांत लहान, आणि ज्यावर लस उपलब्ध आहे तो सर्वांत मोठा. एड्सच्या बाबतीत टोचल्यानंतर लगेच औषध घेतले तर हा लहान धोकाही पुष्कळ घटतो, हे अनेक देशांतील प्रकरणे पडताळून १९९७ मध्ये सिद्ध झाले. तेव्हाच्या एकाच औषधाने तो शेकडा ८१ ने कमी झालेला आढळला. आज हे औषध आपल्याकडे शासनातर्फे विनामूल्य मिळते; ते शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाचे असते. जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, चोखू नये, तीव्र रसायने ओतू नयेत आणि तडक जाऊन सांगावे.

‘सांगावे’ या शब्दापाशी सारे अडते. जेथे सांगणाऱ्याच्या नावापुढे हयगयीचा शेरा पडतो, तेथे कोणी सांगत नाही. सांगितले नाही तर बहात्तर तास निघून जातात. औषध कपाटात राहते आणि माणूस घरी जातो.

या कोंडीवर उपाय शोधला तो व्हर्जिनिया विद्यापीठातील जॅनीन जॅगर या संशोधिकेने, आणि गंमत अशी की त्या आधी रस्त्यावरील अपघातांतील इजांचा अभ्यास करीत. मोटारीच्या अपघातात चालकाला दोष देऊन थांबायचे नसते, पट्टा आणि काच कशी आहे हेही पाहायचे असते, ही शिस्त घेऊन त्या रुग्णालयात आल्या. एकाच रुग्णालयातील सुई टोचण्याच्या ३२६ घटना त्यांनी तपासल्या. त्यांनी विचारले : कोणती सुई, कोणत्या साधनाची, कोणत्या क्षणी? १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसले की सुमारे एक-तृतीयांश इजा वापरलेल्या सुईवर टोपण परत बसविताना होतात. टोपण लावू नका, असा नियम होताच. मग परिचारिका ते का लावीत? कारण सुई टाकण्याचा डबा दूर होता, आणि हातात दोन-तीन उघड्या सुया घेऊन गर्दीतून चालत जाणे हे टोपण लावण्याहून अधिक धोक्याचे होते. हयगय नव्हे, तर दोन संकटांतून त्या लहान संकट निवडत होत्या. यावर उपाय उपदेशाचा नव्हता. डबा खाटेजवळ आणणे आणि वापर होताच स्वतः झाकली जाणारी सुई घडविणे, हा होता. २००० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अशा सुरक्षित साधनांची सक्ती करणारा कायदा झाला. हा निबंध प्रथम वाचला तेव्हा मला गुरुजींची लाल वही आठवली आणि लगोलग ताईचा कागदही. ती सुया धूत होती तेथे एकच दिवा होता, असे तिने सांगितले होते. चौकशीच्या कागदात दिव्याचा उल्लेख नाही.

आपल्याकडील नियमांचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम झाले, २०१६ मध्ये ते नव्याने आले. शासकीय लसीकरणात २००५ पासून, एकदा वापरताच निकामी होणाऱ्या सिरिंजा आल्या. एच.आय.व्ही.विषयक कायदा २०१७ मध्ये संमत झाला. त्यात रुग्णालयांनी आपल्या सर्व काम करणाऱ्यांना संरक्षक साधने व प्रशिक्षण, आणि सुई टोचल्यास औषधोपचार, पुरविले पाहिजेत असे म्हटले आहे. २०१६ च्या नियमांतील एक वाक्यांश मला विशेष वाटतो : ‘ब’ काविळीची आणि धनुर्वाताची लस रुग्णालयातील आरोग्यसेवकांना द्यावीच, शिवाय हा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही द्यावी. फ्रान्झ बारिशसारख्या माणसाचा उल्लेख नियमात यावयास एवढा काळ लागला. नियम सर्वत्र पाळला जातो असे मी म्हणणार नाही. कचरा वेचणारी बाई रुग्णालयाच्या हजेरीपटावर नसते, आणि लस मात्र हजेरीपटावरून दिली जाते.

आता रुग्णालयाच्या भिंतींच्या आत न मावणारी एक गोष्ट सांगून थांबतो. या सभागृहात बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या घरी मधुमेह आहे. इन्सुलिन आपण घरीच टोचून घेतो. रक्तातील साखर पाहण्यासाठी बोटाला घरीच टोचतो. त्या सुया कोठे जातात? माझ्या घरी त्या अनेक वर्षे भाजीच्या सालींबरोबर काळ्या पिशवीत जात होत्या. एके सकाळी पिशवी उचलताना आमच्या गल्लीतील कचरागाडीवरच्या मुलाने हात झटकला आणि काही न बोलता विजारीला पुसला. मी वरच्या सज्जात होतो. खाली उतरून त्याला नळावर नेले, साबण दिला, आणि माझ्या रक्ताची जुनी तपासणी काढून दाखविली. त्याला ती वाचता येत नव्हती. दवाखान्यात चल म्हटले तर तो म्हणाला, ‘काही झालं नाही साहेब, माझंच लक्ष नव्हतं.’ बऱ्याच मिनतवारीने तो आला.

२०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी घरगुती सुया वेगळ्या, घातक कचऱ्यात धरल्या होत्या, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. आता स्वयंपाकघराच्या फळीवर जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची एक बरणी आहे. ती पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत ‘सुया’ असे लिहून, मी ती ओळखीच्या प्रयोगशाळेत नेऊन देतो. तेथील मुलगी ती पांढऱ्या डब्यात टाकते आणि वहीत तारीख लिहिते.